तुमच्यात चालत नाही म्हणून

झाशी,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

मृदुलाताई,

नमस्कार. सकाळी दूध घेतलं. बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. मशीनवर अंगठा उठत नव्हता, पुन्हा पुन्हा लावावा लागला. येताना लक्ष्मी गेटजवळ गोभी आणि मेथी घेतली. दुपारी जेवून पेपर वाचला. साडेचारला मुलं आली आणि पाचला गेली.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोबाइलवर टाइप करणं जमत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. शारदा तुम्हाला दर आठवड्याला लिहायची. तसं मला येणार नाही. पण तिला जाऊन दोन महिने झाले आणि तुम्ही दोनदा निरोप पाठवलात, म्हणून कळवतो. तब्येत ठीक आहे. स्वयंपाक मीच करतो.

शारदाच्या गाण्याच्या वर्गाचं तुम्ही विचारलं होतं. वर्ग आहे म्हटलं तर आहे. सोमवारी आणि गुरुवारी मुलं येतात, चपला काढून पुढच्या खोलीत ओळीने बसतात. पेट्या आणि तबले भिंतीशी झाकलेले असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. शारदाची पहिली विद्यार्थिनी शलाका समोर बसते. तिनेच पुढे शिकवायचं हे शारदा असतानाच ठरलं होतं. पण ती शिकवत नाही. कोणी गात नाही, बोलत नाही. अर्धा तास झाला की मुलं शारदाच्या फोटोला हात जोडतात आणि जातात. पहिल्या आठवड्यात हे ठीक होतं. आता दर सोमवारी आणि गुरुवारी माझ्या घरात शोकसभा भरते.

आज वर्ग चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सुभाषचंद्रजी आले होते. म्हणाले, "भाई साहब, आप बिलकुल चिंता मत कीजिए. जब तक आपका इशारा न हो, यहाँ एक सुर नहीं लगेगा." मी म्हटलं, "जैसा आप लोगों को ठीक लगे." ते म्हणाले, "नहीं नहीं, जैसा आपको ठीक लगे." मी म्हटलं, "मुझे क्या, आप देख लीजिए." ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. चहाही घेतला नाही.

इथे गमीच्या, म्हणजे कोणी गेलेल्या, घरात गाणं-बजावणं करत नाहीत. मुलं त्यांची, रीत त्यांची. मी कोण सांगणार? पण मुलं येतात, गप्प बसून राहतात आणि जातात, याचा मला फार त्रास होतो. एवढंच.

नीलकंठ


अमरावती,
२० नोव्हेंबर

नीलकंठराव,

पत्र मिळालं. गोभी आणि मेथी पोचली. शारदा असती तर म्हणाली असती, यांना मनातलं लिहा म्हटलं तर हे मंडईतलं लिहितात.

"जैसा आप लोगों को ठीक लगे" हे काय उत्तर झालं? तुम्ही आमच्याकडे मुलगी बघायला आलात तेव्हाही हेच केलंत. बाबांनी विचारलं, पसंत आहे का, तर म्हणालात, मोठ्यांना योग्य वाटेल तसं. बाबा हैराण. आई म्हणे हो आहे, काका म्हणे नाही आहे. शेवटी मीच सांगितलं की हा मनुष्य दुसरा लाडू मागून घेतो आहे, त्याअर्थी हो असणार. तेव्हापासून तुमच्या वतीने ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे असं दिसतं.

मुलांचा त्रास होतो म्हणता, ते मला समजतं. तुम्हाला पहिल्यापासून त्या वर्गाची कटकटच होती. शारदाच लिहायची, पेट्या काढल्या की हे गच्चीवर निघून जातात. तिच्यासाठी इतकी वर्षं सहन केलंत, ते काही थोडं नाही. आता तुमचं वय झालं, घरात एकटे. लोकांच्या वीस मुलांनी तुमच्या खोलीत येऊन बसावं आणि तुम्ही दार उघडत राहावं, याची गरज नाही. त्या समितीला सांगा की दुसरी जागा बघा. तुम्हाला सांगता येत नसेल तर मला कळवा.

दाखल्याची पावती नीट ठेवा. आणि मेथी निवडून मग धुवा, आधी धुऊन मग निवडू नका.

मृदुला


झाशी,
गुरुवार, ५ डिसेंबर

मृदुलाताई,

थंडी पडली आहे. सकाळी उन्हात बसलो. दुपारी पुढच्या खोलीतला पलंग आणि दोन खुर्च्या आतल्या खोलीत ओढून नेल्या, सतरंजी घातली. साडेचारपर्यंत कोणी आलं नाही. पाच वाजता सतरंजी झटकून ठेवली, पलंग परत आणला. सोमवारीही असंच झालं होतं.

शलाकाने निरोप पाठवला की आता थंडीमुळे मुलं येणार नाहीत. थंडी दर वर्षी असते.

काल सुभाषचंद्रजी रस्त्यात भेटले. सदर बाजाराच्या बाजूला एक जण संगीत अकादमी काढतो आहे, तिसऱ्या मजल्यावर हॉल आहे, तो आपल्या वर्गाला जागा द्यायला तयार आहे. "आपको भी तकलीफ नहीं होगी," असं तीनदा म्हणाले. मी हरकत नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांना या घरात गाता येत नाही, तर मी कुठवर अडवून धरू.

पंप नादुरुस्त होता, दुरुस्त करून घेतला. मेथी तुम्ही सांगितल्याप्रमाणे केली.

नीलकंठ


अमरावती,
९ जानेवारी २०२५

नीलकंठराव,

तुम्ही "हरकत नाही" लिहिलंत, त्यावरून मी काय ते समजले. वाट बघत बसले असते तर पुढच्या संक्रांतीपर्यंत पेट्या तुमच्याच भिंतीशी राहिल्या असत्या.

मी शलाकाला मोबाइलवर कळवलं. काका बोलणार नाहीत, पण त्यांना आता हे सामान डोळ्यांसमोर नको आहे, तेव्हा त्यांना न विचारता उचला आणि हॉलवर न्या. ते घरी नसतील असा दिवस बघा, म्हणजे त्यांना बघावं लागणार नाही. पोरगी शहाणी आहे. "बरं मावशी" एवढंच लिहिलं, एक प्रश्न विचारला नाही.

आभार मानू नका. खोली मोकळी झाली की तिथे पलंग कायमचा टाका आणि ऊन खात पडा. तिळगूळ पार्सलने पाठवते आहे. कडक झाला असेल तर कुटून खा.

मृदुला


झाशी,
गुरुवार, २३ जानेवारी

मृदुलाताई,

मी सोमवारी गरौठ्याला गेलो होतो. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या नातवाचं लग्न होतं. मंगळवारी दुपारी परत आलो. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन दार उघडलं. पुढची खोली रिकामी. एकही पेटी नाही, तबले नाहीत, शारदाचा तंबोरा नाही. फरशी पुसलेली, खिडकी आतून लावलेली. सतरंजीसुद्धा धुऊन घडी घालून पलंगावर ठेवलेली.

आधी वाटलं चोरी झाली. मग वाटलं, चोर सतरंजी धुणार नाही. तुमचं पत्र त्याच दिवशी संध्याकाळी आलं.

ताई, मी तुम्हाला कधी उलट बोललो नाही. आज लिहितो. तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं होतं?

मला त्रास मुलं येण्याचा नव्हता. मुलं येऊन गप्प बसतात याचा होता. मी तेच लिहिलं होतं. मी गच्चीवर जायचो, कारण मी खोलीत असलो की मुलं माझ्याकडे बघून चुकायची. आणि खालची खिडकी उघडी असली की गच्चीवर सगळं नीट ऐकू येतं. कोण सुरात आहे, कोण नाही, जयसिंग तबल्यावर कुठे घाई करतो आहे, सगळं. हे मी शारदाला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? ती वर्ग घ्यायची, मी वर बसायचो.

काल त्या हॉलवर जाऊन आलो. तीन मजले चढून दम लागला. लिफ्ट आहे, पण ती हॉटेलवाल्यांची आहे. खाली मोठा बोर्ड, त्यावर गिटार आणि एक मुलगी. आपल्या पेट्या कोपऱ्यात रचून ठेवल्या आहेत, एकावर एक. पेट्या अशा रचत नाहीत. वर्गात आठ मुलं होती. लक्ष्मी गेटच्या आतली मुलं नव्हतीच. ती चालत येणारी मुलं. तिकडे जायला दोन टेम्पो बदलावे लागतात, आणि मुलींना संध्याकाळी कोण सोडणार. शिवाय अकादमीवाल्याने आता वेगळी फी लावली आहे, वीजखर्च म्हणून.

समिती कशासाठी काढली होती? समोरच्या शिंप्याची मुलगी आमच्या खिडकीच्या बाहेर उभी राहून पाठ शिकत होती. शारदाने तिला आत बोलावलं, तर तिची आई हात जोडून म्हणाली, हमसे फीस नहीं होगी बहनजी. मग शारदा सुभाषचंद्रजींकडे गेली, त्यांनी चार लोक जमवले, जुन्या पेट्या मागून आणल्या. नियम एकच होता, जमेल त्याने द्यावं, न जमेल त्याने पेट्या पुसाव्यात. पेटी कोण पुसतं आणि कोण नाही हे कळू नये म्हणून शारदा सगळ्यांनाच पुसायला लावायची, डॉक्टरच्या मुलालाही. आता ती शिंप्याची मुलगी तिसऱ्या मजल्यावर कशी जाईल? तिथे तर खिडकीबाहेर उभं राहायलाही जागा नाही.

तुम्ही विचारता म्हणून नाही, तुम्ही विचारलंच नाहीत, तरी लिहितो. मला वर्ग हवा आहे. माझ्या घरात हवा आहे. गाणारा वर्ग.

तिळगूळ मिळाला. कडक आहे.

नीलकंठ


अमरावती,
१ फेब्रुवारी

नीलकंठराव,

चुकलं माझं. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नका.

आता माझं ऐका. हे सगळं तुम्ही मला का सांगता आहात? मी अमरावतीत बसलेली बहिरी बाई. झाशीत तुमच्या दारात माणसं हात जोडून उभी होती, त्यांना का नाही सांगितलंत? "मला वर्ग हवा आहे." चार शब्द. ते लिहायला तुम्हाला अडीच महिने लागले आणि ते चुकीच्या पत्त्यावर आले.

आणि ही गमीची काय भानगड आहे? आपल्यात वर्षभर सण करत नाहीत, हे खरं. पण शिकवणं म्हणजे सण आहे का? आपण मुलांची शाळा बंद ठेवतो का? आमचे बाबा गेले तेव्हा चौदाव्या दिवशी शारदा पेटी घेऊन बसली होती, आईनेच बसवलं होतं. तुम्ही म्हणता इथल्यांच्यात चालत नाही. तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही कोणाला विचारलंत? चाळीस वर्षं त्या गावात राहता, नळ दुरुस्त करणाऱ्याशी अर्धा तास बोलता, आणि हे विचारायला तोंड उघडत नाही?

उद्या सकाळी सुभाषचंद्रांकडे जा. चहा देतील तो प्या. आणि विचारा.

मृदुला


झाशी,
गुरुवार, २० फेब्रुवारी

मृदुलाताई,

"उद्या सकाळी" जमलं नाही. काल गेलो.

सुभाषचंद्रजी अंगणात नातवाची सायकल पुसत होते. मला बघून घाबरले, काही झालं का म्हणाले. मी चहा घेतला. दुसरा कपही घेतला. मग म्हटलं, "एक बात पूछनी थी. आप लोगों में गमी के घर में बच्चे कब तक नहीं गाते?"

ते म्हणाले, "हमारे यहाँ? हमारे यहाँ तो तेरहवीं के बाद कोई रोक नहीं. वो तो आप लोगों में..."

मी म्हटलं, "हम लोगों में क्या?"

"आप मराठी लोगों में तो बरसी तक गाना-बजाना मना है ना?"

मी म्हटलं, "किसने कहा?"

ते विचार करत बसले. मग आत हाक मारली, "सुनती हो, मराठियों में साल भर गाना बंद रहता है, ये किसने बताया था?" आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्हीं ने तो बताया था."

मग ते बराच वेळ कपाळावर हात मारून घेत होते. म्हणाले, मुलांना गप्प बसायला त्यांनीच सांगितलं होतं, मराठी घर आहे, आवाज नको. शारदाचा अपमान होऊ नये म्हणून त्यांना यायला मात्र सांगत होते. त्या दिवशी चहासुद्धा, आमची रीत समजून, त्यांनी घेतला नव्हता, मला वाटलं त्यांची रीत. पाच महिने आम्ही एकमेकांच्या रिती पाळत होतो. त्या रिती कोणाच्याच नव्हत्या.

तुम्हाला हसू येत असेल. मला आलं नाही. मला राग आला, आणि कोणावर काढायचा हे कळलं नाही.

ते म्हणाले, पेट्या आणायला आजच माणूस पाठवतो, पण शलाका तयार झाली पाहिजे. अकादमीवाल्याने तिला तिथेच शिकवायला ठेवलं आहे, पगार ठरवून. तिच्याशिवाय पेट्या आणून काय करायचं?

तसाच तिच्याकडे गेलो. ती दारातच म्हणाली, "या काका," आणि पाणी आणायला आत गेली ती लवकर आलीच नाही. मी वर्गाचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मावशींचा मेसेज आला की तुम्हाला सामान नजरेसमोर नको. मी दोन दिवस जेवले नाही. ताईंचा तंबोरा मी स्वतः मांडीवर घेऊन रिक्शात बसले. आणि आता तुम्ही म्हणता, परत आणा."

मी म्हटलं, मी तसं म्हटलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं. हीच तर मुश्किल आहे ना! मी बारा वर्षांची होते तेव्हापासून तुमच्या घरी येते. तुम्ही एकदा तरी वर्गात बसलात? आम्ही सगळे समजायचो, अंकल को पसंद नहीं. मुलं जिन्याकडे बघून हळू गायची. ताई ओरडायच्या, खुला गाओ, ते ऊपर आहेत, खाएंगे नहीं!"

मला हे माहीत नव्हतं. गच्चीवर ते ओरडणं ऐकू यायचं, पण मला वाटायचं, ती आवाज मोकळा करून घेते आहे.

शलाका म्हणाली, विचार करून सांगते. नोकरी आहे, घरात आई आहे, ती असं एकदम सोडू शकत नाही. आणि म्हणाली, "मी आले आणि तुम्ही पुन्हा गच्चीवर गेलात, तर मुलं नाही टिकणार. पालकांना वाटतं की आपण तुमच्यावर ओझं आहोत. त्यांना मी सांगून उपयोग नाही. तुम्हीच सांगा, सगळ्यांसमोर."

मी हो म्हटलं. कसं सांगणार, माहीत नाही. रेल्वेत निवृत्तीच्या दिवशी भाषण करायचं होतं, तेव्हा मी फक्त धन्यवाद म्हणून खाली बसलो होतो.

नीलकंठ


अमरावती,
२८ फेब्रुवारी

नीलकंठराव,

हसले. मग रडले. मग पुन्हा हसले. सुभाषचंद्रांच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

शलाकाला मी माफीचा मेसेज केला आहे. तिने उत्तरात फक्त हात जोडलेले चित्र पाठवलं. बरं झालं, रागावलेली आहे. रागावलेलं माणूस परत येतं. आणि पोरीला नोकरी सोड म्हणू नका, तिला पगार लागतो. आठवड्याचे दिवस वाटून घ्या म्हणावं.

तुम्ही भाषण करू नका. तुम्हाला येत नाही. चार शब्द आहेत ना, तेवढेच म्हणा.

मृदुला


झाशी,
सोमवार, १७ मार्च

मृदुलाताई,

शुक्रवारी इथली होळी झाली. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, तिथे पहिल्या होळीला लोक आपणहून येतात, गुलाल लावतात, फाग म्हणतात, म्हणजे त्या घराचे सण मोकळे होतात. ही रीत खरोखर इथली आहे. मी यावेळी तिघांना विचारून खात्री करून घेतली.

सकाळी दहाच्या सुमाराला आले. सुभाषचंद्रजी पुढे, मागे गल्लीतले लोक, वर्गातली मुलं, त्यांचे आईवडील. शिंपीही होता, मुलीला घेऊन. जयसिंग मऊरानीपुरहून आला होता, गळ्यात ढोलक. तो आता तिथल्या धान्यबाजारात काम करतो, त्या दिवशी सुट्टी. शलाका सगळ्यात मागे फाटकापाशी उभी होती, आत आली नाही.

सुभाषचंद्रजींनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. फाग झाला. ओसरीत माणसं मावत नव्हती. मग ते मोठ्याने म्हणाले, "तो भाई साहब, अब कक्षा का क्या करें? यहाँ लगे, कि वहीं चलने दें?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "जैसा आप..."

तेवढ्यात जयसिंग ओरडला, "काए कक्का, फिर ओई?" म्हणजे, काका, पुन्हा तेच?

लोक हसले. लहान मुलंसुद्धा हसली. म्हणजे हे वाक्य सगळ्या गावाला माहीत झालं होतं. मला इतका वैताग आला की काय सांगू. लोकांचा नाही, त्या वाक्याचा. मी म्हटलं, "मुझे चाहिए. क्लास यहीं चाहिए. ज़ोर से गाओ. मैं ऊपर इसलिए जाता था कि वहाँ से अच्छा सुनाई देता है. अब नीचे बैठूँगा."

चार शब्दांपेक्षा जास्त झाले. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. शिंप्याची बायको एवढंच म्हणाली, "तो पहले बता देते भैया जी, हम लोग तो डर के मारे खाँसते भी नहीं थे."

शलाका आत आली, शारदाच्या फोटोसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, सोमवार आणि गुरुवार इथे, बाकीचे दिवस तिकडे. नोकरी तशीच राहील. मी म्हटलं ठीक. मग लक्षात आलं आणि म्हटलं, "ठीक म्हणजे मला हेच हवं आहे." ती पहिल्यांदा हसली.

काल सामान आलं. जयसिंगने मंडीतला छोटा ट्रक मिळवला, गोण्यांच्या ओळखीवर. तीन मजले उतरवताना तंबोरा जिन्याच्या कठड्याला लागला. भोपळ्याला चीर गेली आहे, वरपासून खालपर्यंत. दुरुस्तीला मिरजेला पाठवावा लागेल, आणि जयसिंग म्हणतो, झाला तरी तोच आवाज येईल असं नाही. तो शारदाच्या आईचा होता, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही आईचा. मी आधी तुम्हाला हे लिहिणार नव्हतो. मग वाटलं, न लिहून पुष्कळ झालं.

आज साडेचारला मुलं आली. सगळी नाही. चार-पाच जण अकादमीतच राहणार, तिथे सर्टिफिकेट मिळतं. गल्लीतली मात्र सगळी होती. तंबोऱ्याची चीर बघून एकदम शांतता झाली. कोणी पेटी उघडेना. शलाका माझ्याकडे बघेना, जयसिंग खाली मान घालून तबल्याची वादी ओढत बसला. पुन्हा तेच. मी म्हटलं, "टूटा तो टूटा. बाजे पे गाओ. सब लोग मुँह मत लटकाओ, मुझे ये छह महीने से देखना पड़ रहा है."

मग शलाकाने पेटी ओढली. दोन महिने रचून ठेवल्याने तिचा एक स्वर दाबला की वर येत नाही. ती बोटाने उचलत उचलत वाजवत होती. मुलं बेसूर गायली. मी खोलीत बसलो, दाराजवळच्या खुर्चीवर. तुम्हाला खरं सांगतो, गच्चीवरून जास्त चांगलं ऐकू येतं. इथे डोकं दुखतं. शिंप्याची मुलगी माझ्याकडे बघून दोनदा चुकली, तिसऱ्यांदा चुकली नाही.

जाताना सगळ्यांनी पेट्या पुसल्या.

सगळे सहाला गेले. आता उन्हाळा सुरू झाला, मुलांना थंड पाणी लागेल म्हणून सकाळी लक्ष्मी गेटच्या कुंभाराकडून मडकं आणलं होतं. ते आतून धुतलं, काठोकाठ भरलं आणि न्हाणीत ठेवलं. पहिलं पाणी ओतून द्यावं लागतं, त्याला मातीचा वास असतो.

नीलकंठ